चष्मे वाटून झाले असतील तर आता शुगरवाल्यांच्या डोळ्यांचा पडदा बघा

थोडं मोठं लिहितोय. घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर तुम्ही नशीबवान, पण शेजारच्यासाठी वाचा.

चौकात परत फ्लेक्स लागलाय. 'भव्य मोफत नेत्र तपासणी व चष्मे वाटप शिबिर'. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांची डझनभर डोकी. आपल्याकडे वाढदिवस आला की शिबिर, जयंती आली की शिबिर आणि निवडणूक जवळ आली की शिबिरावर शिबिर.

आधीच सांगतो, शिबिराला माझा विरोध नाही. ज्या आजीला तांदळातले खडे दिसत नव्हते तिला चष्मा मिळाला, ज्या आजोबांचा मोतीबिंदू पिकला होता त्यांचं ऑपरेशन झालं, हे पुण्याचंच काम आहे. डॉ. तात्याराव लहान्यांसारख्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची शिबिरं खेड्यापाड्यांत नेली म्हणून कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा कुणाचा हात न धरता फिरायला लागली. त्यात दुमत नाही.

माझं भांडण त्या फ्लेक्सवरच्या 'नेत्र तपासणी' या दोन शब्दांशी आहे. कारण तिथे होतं काय? रांगेत उभं करतात, तक्ता वाचायला लावतात, बॅटरी मारून मोतीबिंदू आहे का बघतात, नंबर काढतात, चष्मा देतात, फोटो काढतात. झाली तपासणी. आणि दहा वर्षं शुगर असलेला माणूस घरी येऊन बायकोला सांगतो, "डोळे तपासले, काही नाही निघालं."

हे 'काही नाही निघालं' फार महागात पडतंय. कारण शुगर जिथे घाव घालते ती जागा त्या शिबिरात कुणी बघितलेलीच नसते.

मी डॉक्टर नाही. मेडिकल चालवतो, एकवीस वर्षं झाली. पण गोळ्या विकता विकता जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो. डोळा म्हणजे कॅमेरा समजा. पुढे भिंग असतं, मोतीबिंदू होतो तो त्या भिंगात. मागच्या बाजूला पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं. शुगरचा मार बसतो तो या मागच्या पडद्यावर. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अतिशय बारीक असतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात, जागोजागी फुगतात, पाझरायला लागतात. पडद्याच्या मधोमध पाझरलं की तिथे सूज येते आणि नजर अंधूक होते. काही नळ्या बंदच पडतात. मग रक्त कमी पडतं म्हणून डोळा नव्या नळ्या तयार करतो, पण त्या कच्च्या असतात, कधी फुटतील नेम नाही. फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. त्याही पुढे गेलं तर पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो. डॉक्टर याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे होत असताना दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत माणूस तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा खडाखडा वाचू शकतो. म्हणजे तक्ता वाचून घेणं ही शुगरवाल्याच्या डोळ्याची तपासणीच नव्हे. ती करायची तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघावं लागतं, नाहीतर खास कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढावा लागतो.

आपल्याच भागातला एक ऊस वाहतूकदार, नाव लिहीत नाही. नऊ वर्षं माझ्याकडून शुगरच्या गोळ्या न्यायचा, कधी खंड नाही. एका शिबिरात त्याला जवळचं वाचायचा चष्मा मिळाला आणि डोळे ठीक आहेत असं सांगितलं गेलं. दोन गळीत हंगाम गेले. मग डोळ्यासमोर काळे धागे फिरतात म्हणायला लागला. रात्रीची जागरणं म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. एके दिवशी सकाळी उठला तर डाव्या डोळ्यासमोर सगळं गढूळ. जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्याच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कळलं की डाव्यात रक्त उतरलंय आणि उजव्यातही सुरुवात झालीय. उजवा लेझरने वाचला. डाव्या डोळ्याला आज समोर हात हलवला तर तेवढा कळतो. ट्रॅक्टरचे हप्ते अजून चालू आहेत आणि ट्रॅक्टर दुसराच कुणीतरी चालवतो. मला म्हणाला, "दुखलं असतं तर आधीच गेलो असतो की."

आता कुणीतरी म्हणणार, एखाद्याचं झालं असेल, त्यात काय एवढं. म्हणून आकडे देतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्राने सरकारसाठी २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांचं सर्वेक्षण केलं. त्यात मधुमेह असलेल्यांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला, आणि ३.६ टक्के लोकांची नजरच धोक्यात होती.

टक्के कळत नाहीत, माणसं कळतात. समजा आपल्या तालुक्यात पन्नाशीपुढचे ५००० शुगरवाले आहेत. मग वरच्या हिशेबाने त्यातल्या ८४५ जणांच्या पडद्याला लागण आणि १८० जणांची नजर जाण्याच्या वाटेवर. १८० माणसं म्हणजे चार एसटी गाड्या भरतात. या चार गाड्यांमधली माणसं आज आपल्यात हिंडताफिरतात, बाजार करतात, पारावर बसतात. त्यांना माहीत नाही की आपण त्या गाडीत बसलोय.

काउंटरवर गोळ्या देताना मी हल्ली सगळ्यांना विचारतो, "काका, पडद्याची तपासणी केली का?" उत्तरं ठरलेली. एक, "दिवाळीत चष्मा बदलला की." दोन, "मला दिसतंय की नीट." तीन, "डॉक्टर काही बोलले नाहीत." हो म्हणणारा एखाद-दुसराच भेटतो.

पहिली दोन उत्तरं अज्ञानाची आहेत. तिसऱ्याचा मला राग येतो. सगळे डॉक्टर सारखे नसतात, आठवणीने पाठवणारेही आपल्याकडे आहेत. पण रोज माझ्या हातात येणाऱ्या कागदांवर पाच-पाच गोळ्या असतात, भात-साखर बंद असतं, चालायला सांगितलेलं असतं, आणि 'पडदा तपासून घ्या' ही एक ओळ मात्र क्वचितच असते. नियम काही गुपित नाही. मोठ्या वयात होणारी, म्हणजे टाइप २ शुगर ज्या दिवशी सापडली त्याच वेळी पडदा बघायचा, कारण सापडायच्या आधीच ती काही वर्षं अंगात मुरलेली असते. त्यानंतर दरवर्षी. लहान वयात इन्सुलिनवर गेलेल्या मुलांचा पहिल्या पाच वर्षांच्या आत, मग दरवर्षी. आणि आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीच्या महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा त्रास झपाट्याने वाढू शकतो. ही ओळ लिहायला किती वेळ लागतो?

आता सरकारकडे येतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याने काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. एके काळी खुपऱ्यांनी गावंच्या गावं हैराण व्हायची. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही. मोतीबिंदूचंही तसंच, लाखोंनी ऑपरेशनं झाली. म्हणजे मनावर घेतलं तर आपली यंत्रणा करू शकते. पण आपल्याकडे जे मोजलं जातं तेच होतं. मोतीबिंदूची ऑपरेशनं मोजली जातात, चष्मे मोजले जातात. वाचलेला पडदा कोण मोजणार? त्याचा फोटो पेपरला येत नाही.

तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासायचा कार्यक्रम चालू आहे. आशाताई उन्हातान्हात घरोघर जाऊन फॉर्म भरतात, त्यांना माझा नमस्कार. १७ मे २०२३ ला केंद्राने जाहीर केलं की २०२५ पर्यंत बीपी-शुगरच्या ७.५ कोटी रुग्णांना नियमित उपचारांखाली आणायचं. चांगलंच आहे. पण आपल्या गावात 'उपचारांखाली' म्हणजे काय? बोट टोचलं, आकडा लिहिला, गोळ्यांची पट्टी दिली, पुढच्या महिन्यात या. दहा वर्षं माणूस इमानदारीने येतो, पट्टी घेऊन जातो, आणि त्या दहा वर्षांत एकदाही कुणी त्याच्या डोळ्यात आत डोकावत नाही. याला उपचार म्हणायचं का?

हे बोललं की साहेब लोकांची उत्तरं तयार असतात. एकेक घेतो.

"लोकच येत नाहीत." येणार कसे? पडदा बघायला थेंब घालतात, ते घातले की काही तास समोरचं धड दिसत नाही, उजेड सहन होत नाही, गाडी चालवता येत नाही. म्हणजे सोबत एक माणूस लागतो. जिल्ह्याला जायचं तर सकाळची एसटी, दिवसभर रांग, संध्याकाळची एसटी. दोघांचा रोज बुडाला, वर भाडं आणि वडापाव. काहीच दुखत नसताना कोण जाईल? आणि पेशंट बाई असेल तर विचारूच नका. तिला एकटीला पाठवत नाहीत, सोबत जायला मुलाला वेळ नाही, आणि शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य, "आईचं आता वय झालंय, दिसायचं कमीच." वय नाही झालं हो, पडदा चाललाय तिचा! लोक येत नाहीत हे खरं, पण तपासणी त्यांच्यापासून दीड तास लांब ठेवलीय कुणी? जिथे ती महिन्याला गोळ्या न्यायला येते तिथेच फोटो काढा, बघा येते की नाही.

"तज्ज्ञ डॉक्टर नाहीत." प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा डॉक्टर बसवा असं कुणी म्हणतच नाही. फोटो काढायला डॉक्टर लागत नाही. शिकवलेली सिस्टर किंवा नेत्र विभागाचा कर्मचारी फोटो काढू शकतो, असे कॅमेरे आहेत की बऱ्याच जणांना थेंबही घालावे लागत नाहीत. फोटो इंटरनेटवरून तज्ज्ञाकडे जातो, तो बघून सांगतो कुणाला बोलवायचं. केरळ सरकारने 'नयनामृतम' नावाने तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या कुटुंब आरोग्य केंद्रांत नर्सना हेच शिकवून केलं. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाची छोटी केंद्रं गावांतून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडलेली आहेत. अमेरिकेने तर २०१८ सालीच फोटो बघून रेटिनोपॅथी ओळखणाऱ्या संगणक प्रणालीला मंजुरी दिली. ज्याचा फोटो स्पष्ट येत नाही, मोतीबिंदू असेल म्हणून, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. साधी चाळणी आहे ही. सगळ्यांना तज्ज्ञाच्या दारात उभं करण्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांनाच नेमकं पाठवायचं.

"एवढ्याने काय फरक पडतो?" इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे २००३ पासून मधुमेह असलेल्या १२ वर्षांपुढच्या प्रत्येकाला पडद्याच्या फोटोसाठी सरकारी बोलावणं जायला लागलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण आता शुगर राहिलेलं नाही. किमान पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. संशोधकांच्या मते त्यामागे ही तपासणी आणि साखरेवरचा सुधारलेला ताबा ही कारणं असावीत. इंग्लंड श्रीमंत आहे, मान्य. पण बोलावणं पाठवायला आणि यादी ठेवायला श्रीमंती लागत नाही. आपल्याकडे मतदार यादी घरोघर पोचते, शुगरची यादी का नाही पोचत?

"पैसे नाहीत." हे मात्र माझ्यासमोर म्हणू नका. हातात धरायचा पडद्याचा कॅमेरा एका बऱ्या चारचाकीच्या किमतीच्या आत येतो. आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत स्वागत कमानी किती झाल्या ते मोजा. आमदार निधी आहे, जिल्हा नियोजनाचा पैसा आहे. साखर कारखाने आहेत. ज्या तालुक्याचं सगळं राजकारण साखरेवर चालतं, त्या तालुक्यात साखरेने आंधळ्या होणाऱ्या माणसासाठी एक कॅमेरा नाही, हे बरं दिसत नाही.

"शुगर आटोक्यात ठेवा म्हणजे डोळे आपोआप सांभाळले जातात." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं आहे. साखर, बीपी काबूत ठेवलं तर धोका खूप कमी होतो, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इन्सुलिनवरच्या रुग्णांनी साखरेबाबत हेच दाखवून दिलं. पण कमी होतो म्हणजे संपत नाही. आणि पूर्वीची पाच-सात वर्षं शुगर वाढलेली होती त्याचं काय? नियम पाळणाऱ्याचाही पडदा बघावाच लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि हा मात्र खरा आहे. "फोटो काढून पुढे काय?" मला विचाराल तर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. नुसते फोटो काढून "तुमच्या डोळ्यात दोष आहे" असं सांगून माणसाला वाऱ्यावर सोडायचं, तर ते चष्मे वाटपापेक्षा वाईट. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं मुख्यतः आहे ती नजर टिकवतात, पडद्याचं मेलेलं काही परत जिवंत करत नाहीत. त्यामुळे उशीर परवडत नाही. इंजेक्शनं एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, खर्च मोठा आहे. महात्मा फुले योजनेचं कवच आता ५ लाखांचं झालंय, पण ती योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांची. दरवर्षीचा साधा फोटो ही तिथली गोष्ट नव्हे, तो गावातच आणि फुकट मिळाला पाहिजे. आणि ज्याच्या फोटोत धोका दिसेल त्याची तारीख, दवाखाना आणि गाडी तिथल्या तिथे ठरली पाहिजे.

म्हणून मागण्या लिहून देतो, उद्या कुणी म्हणायला नको की हा नुसता बोलतो.

१. आपल्या ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणि तो चालवायला शिकवलेली दोन माणसं. एक रजेवर गेला म्हणून कॅमेरा कुलपात नको.

२. शुगरच्या गोळ्या मिळतात त्याच दिवशी, त्याच खिडकीच्या शेजारी फोटो. वेगळी तारीख, वेगळी फेरी नको.

३. पेशंटच्या शुगरच्या कार्डावर एक रकाना : 'पडदा तपासला, तारीख'. रकाना रिकामा दिसला की सिस्टरने विचारायचं.

४. धोका असलेल्यांची यादी, आणि महिन्यातून एकदा त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी लेझरला नेऊन परत आणणारी गाडी. सोबत येणाऱ्या माणसासकट.

५. शिबिर घेणाऱ्या मंडळांना एकच विनंती. फ्लेक्सवर खरं लिहा. नंबर काढणार असाल तर 'चष्मा तपासणी' लिहा. आणि शुगरवाला रांगेत आला तर चष्म्याबरोबर एक चिठ्ठी द्या : 'तुमचा पडदा इथे तपासलेला नाही, तपासून घ्या.' याला खर्च शून्य.

हे होणार कसं? मागून. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिथे लोकांचं म्हणणं मांडता येतं. ग्रामसभेत गटार आणि घरकुलाबरोबर हा विषयही घ्यायला लावता येतो. प्रश्न मी लिहून देतो, तसाच्या तसा विचारा : "आपल्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवर शुगरचे किती रुग्ण आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यातल्या किती जणांच्या डोळ्यांचा पडदा तपासला?" दोन आकडे मागायचे. दुसरा आकडा मिळाला नाही तर तेच उत्तर समजा, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला येत नसेल तर दुकानावर या, मी लिहून देतो.

माझ्याकडून एवढं करतोय. या महिन्यापासून माझ्या दुकानातून शुगरच्या गोळ्यांची जी पिशवी जाईल तिच्यावर शिक्का असेल : 'पडदा कधी तपासला?' तालुक्यातल्या इतर मेडिकलवाल्यांनाही सांगणं आहे, शिक्का बनवायला फार खर्च येत नाही. शुगरवर आपलं घर चालतं, एवढं तर करू शकतो.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला, सुनेला, नातवाला. आज घरी जाऊन आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा की थेंब घालून डोळे तपासले होते का, किंवा पडद्याचा फोटो काढला होता का. "चष्मा केला की" हे उत्तर धरू नका. नसेल तपासला तर या महिन्यातला एक दिवस काढा आणि घेऊन जा. अचानक काळे धागे, ठिपके दिसायला लागले किंवा समोर गढूळ झालं तर एक दिवसही थांबू नका.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे चुकतंय ते सांगा, उत्तर देतो. आणि साहेबांच्या कार्यकर्त्यांनी रागावू नये. पुढच्या वाढदिवसाला चष्म्यांऐवजी कॅमेरा द्या, फ्लेक्सचा खर्च मी करतो.

#शुगर_आहे_पडदा_बघा